सतरा ते वीस ऑगस्ट

‘जिभेखाली द्यावयाच्या थेंबांच्या सहा महिन्यांच्या उपचाराने अ‍ॅलर्जीच्या सर्दीच्या एक्क्याऐंशी टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याहून अधिक घटली, नाकातील फवाऱ्याच्या बाबतीत हे प्रमाण शेहेचाळीस टक्के, तर गोळ्यांच्या बाबतीत एकोणतीस टक्के इतकेच आढळले. सबब, येत्या एक तारखेपासून फवाऱ्याचे वाटप बंद करून त्या सर्व रुग्णांना थेंबांवर घ्यावे, अशी शिफारस करण्यात येत आहे.’ हा दावा करणारा अहवाल बावन्न पानांचा आहे, गुळगुळीत कागदावर छापलेला आहे, आणि त्याच्या शेवटच्या पानावर ‘सांख्यिकी साहाय्य’ या शब्दांखाली माझे नाव आहे. तेव्हा तटस्थतेचा आव मला आणता येणार नाही. पण दावा आधी नीट पाहू. लक्षणे चार: शिंका, नाकातले पाणी, खाज, चोंदलेपण. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे सगळ्यात वाईट नाकाची बेरीज बारा. थेंब घेणाऱ्यांची सरासरी बेरीज आधी आठ होती आणि सहा महिन्यांनी तीनवर आली. आठ खरे आहेत, तीनही खरे आहेत. रुग्ण एक हजार आठशे चौसष्ट, तेही खरेच. कुणी घरी बसून नावे रचलेली नाहीत. खोटे आहे ते फक्त आठ आणि तीन यांच्यामध्ये नेऊन बसवलेले कारण. आणि ते इतक्या सभ्यपणे बसवलेले आहे, की मी, जिने चौतीस वर्षे सोलापुरात संख्याशास्त्र शिकवले, त्याच्यावरून दोनदा नजर फिरवली आणि दोन्हीही वेळा मान डोलावली. विद्वान माणसाची मान कशी डोलते याचा माझा अभ्यास त्या आठवड्यात पुरा झाला.

मी स्वतःही त्या दवाखान्याची रुग्ण आहे. टॉवेलचे आणि चादरींचे कारखाने चालवणाऱ्या काही मंडळींनी तो धर्मादाय म्हणून काढला. कामगारांना औषध फुकट मिळते आणि माझ्यासारख्या निवृत्तांना अर्ध्या दरात. बुधवारी सकाळी माझी फवाऱ्याची बाटली संपली म्हणून मी औषधाच्या खिडकीपाशी उभी होते. माझ्यापुढे एक बाई होती, पन्नाशीची, काळ्या बुरख्याचा वरचा भाग मागे टाकलेली, खांद्याला टॉवेलच्या सुताचे पांढरे तूस चिकटलेले. खिडकीतल्या सरफराजने बाटली सरकवली आणि म्हणाला, “इमामबी खाला, ही शेवटची बरं का. एक तारखेपासून थेंब.”

“का रे बाबा? मला ह्येचंच गुण आलंय की.”

“अहवाल आलाय. थेंबानं शंभरात एक्क्याऐंशी बरे झालेत.”

“कुठले रे एक्क्याऐंशी? आमच्या मौलालीची सून आन तिची जाव, त्येच ना? त्येंना सणात बोलावलं हुतं की तपासायला. मार्कंडेयाच्या रथाला. चार दिस सगळे कारखाने बंद हुते. बंदमध्ये माझं बी नाक कोरडं असतंय! बंदमध्ये तर मुकादम बी शिंकत न्हाय.”

“हे तू डॉक्टरला सांग, मला काय सांगतीस?”

“डॉक्टर वर कुटं बघतोय? कागदातच बघतोय.” आणि मग माझ्याकडे वळून, “तुमी शिकल्याल्या दिसताव बाई. तुमीच सांगा ह्याला. फवारा नव्हता तवा दोन वर्सं मला वास म्हनून न्हवता. गॅस चालू राहिल्याला मला कळला न्हाय. नात आत निजलेली. शेजारीन धावत आली म्हनून वाचलाव.”

पायाखाली फरशी होती, समोर खिडकी होती, सरफराज “बाई, तुमची चिठ्ठी?” असे दोनदा म्हणाला होता, आणि माझ्या कानांत रक्ताचा आवाज येत होता. भीती नव्हती ती. सांगायला लाज वाटते, पण तो निखळ आनंद होता, परीक्षेच्या हॉलमध्ये अडलेले गणित एकाएकी सुटावे तसला, वाह्यात आणि निर्दय. एका वाक्यात या बाईने बावन्न पाने फाडून माझ्या हातात ठेवली होती, आणि तिच्या नातीच्या जिवापेक्षा मला आधी त्या फाटण्याचा आवाज ऐकू आला. रिक्षात बसले तरी तो थांबेना. न्यायशास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ नावाची एक संज्ञा आहे. मडके घडते तेव्हा कुंभार असतो, चाक असते, काठी असते आणि माती वाहून आणणारे गाढवही असते; म्हणून गाढव मडक्याचे कारण ठरत नाही. जुन्या नैयायिकांना हजार वर्षांपूर्वी जे गाढव दिसले ते मला संगणकाच्या पडद्यावर दिसले नव्हते. मी काय केले होते? मुलामुलीच्या पत्रिका जुळवाव्यात तशा मी रुग्णांच्या जोड्या जुळवल्या होत्या. थेंब घेणाऱ्या प्रत्येकासमोर फवारा घेणारा एक आणि गोळ्या घेणारा एक, वय तेच, दुखणे तितकेच जुने, तंबाखूची सवय तीच, खाते तेच, मग ते मागाचे असो, शिलाईचे असो की कांड्या भरण्याचे. छत्तीस गुण जमवले होते. तपासणीची तारीख मात्र जुळवली नव्हती, कारण तारीख हा रुग्णाचा गुण नव्हे असे मी धरून चालले होते. तारीख म्हणजे कागदाच्या कोपऱ्यातला शिक्का.

आणि हे मी करावे! जिच्या घरी तेलुगू बोलली जाते, जिच्या वडिलांच्या सात पिढ्या हातमागावर बसल्या, जिच्या लहानपणी नारळी पौर्णिमा म्हणजे आम्हा विणकरांच्या मार्कंडेयाचा रथ, पुरुषांची नवी जानवी, आणि गल्लीत अचानक पसरलेली ती शांतता. ती शांतता आधी बधिर करायची. वर्षभर मागांचा खडखडाट इतका सवयीचा असे, की तो थांबला की आम्ही मुले उगाच मोठ्याने बोलायचो. ‘१९/०८’ असे पडद्यावर लिहिलेले मी पाहिले होते, आणि मला त्यात तिरकी रेघ दिसली, रथ दिसला नाही. रिक्षा चौकात अडली तेव्हा मी हसले असावे, कारण रिक्षावाल्याने आरशातून पाहिले. मला नायना आठवत होते, माझे वडील. ते गिरणीत विणाई खात्यात होते. सकाळी उठून बसले, की पाय जमिनीला लागण्याआधी त्यांच्या शिंका सुरू होत. अकरा, कधी तेरा, एकदा एकोणीस. मी नऊ वर्षांची होते आणि दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघा ओढून त्या मोजत असे. पाच रेघांचा एक जुडगा. अम्मा म्हणायची, पोरीला वेड लागलंय, बापाच्या शिंका मोजते. मग त्या वर्षी गिरणीला टाळे लागले, साडेचार महिने, आणि चौकटीवरच्या रेघा कमी होत गेल्या. सात. चार. दोन. मग कोरे लाकूड. नायना भिंतीला टेकून बसलेले असायचे, दाढी वाढलेली, आणि शिंकत नसायचे. मी अम्माला विचारले होते, नायना शिंकत का नाहीत? ती म्हणाली, माणसाच्या मनाला घोर लागला की त्याची शिंकही आटते. मला ते पटले. किती तरी वर्षे मी शिंक ही सुखी माणसाची खूण समजत होते. गिरणी उघडली, नायना पुन्हा शिंकू लागले आणि मला केवढा आनंद झाला होता! माझ्या आयुष्यातली पहिली नोंदवही, स्वच्छ, प्रामाणिक, एकही दिवस न चुकलेली. आणि तिचा निष्कर्ष मी नेमका उलटा काढला होता. पुढे सुवर्णपदक मिळाले ते याच डोक्याला.

घरी पोचून मी चपलाही काढल्या नाहीत. दुपारचे साडेबारा होते, खिडकीतून ऊन थेट पडद्यावर पडत होते, म्हणून डोक्यावर पदर घेऊन पडद्यावर त्याची सावली धरली आणि सारी नोंद तारखेने लावली. इतकेच करायचे होते. एक बटण. सोळा ऑगस्टपर्यंत तिन्ही उपचारांची नावे मिसळून येत होती, फवारा, गोळ्या, गोळ्या, फवारा, कुठे एखादा थेंब, ज्वारीत मक्याचा दाणा पडावा तसा. आणि मग सतरा तारीख उजाडली आणि पडदा थेंबांनी भरला. थेंब, थेंब, थेंब. खाली सरकत राहिले, बोट दुखेपर्यंत थेंबच. वीस तारीख संपली, पुन्हा मिसळण सुरू. थेंब घेणारे एकूण चारशे बारा; त्यांतले तीनशे एकाहत्तर त्या चार दिवसांत तपासलेले. माझ्या तोंडून एक शब्द निघाला तो इथे लिहिण्याजोगा नाही. आता मला हवी होती ती उलटी माणसे: थेंब घेणारे, पण माग चालू असताना तपासलेले, आणि फवारा किंवा गोळ्या घेणारे, पण चुकून बंदमध्ये आलेले. थोडी असतील, पण असतील. माणसे कधीच सगळी एका रांगेत उभी राहत नाहीत, आणि त्यावरच माझ्या शास्त्राचे पोट चालते. निघाली. बंदच्या चार दिवसांत फवाऱ्याचे सदतीस, गोळ्यांचे एकोणतीस. कामाच्या दिवशी थेंबांचे एक्केचाळीस. मी उठून पाणी प्याले, कारण पुढचे गणित बसून करवत नव्हते. बंदच्या दिवसांत निम्म्याहून अधिक आराम पडलेले: थेंब अठ्ठ्याऐंशी टक्के, फवारा एकोणनव्वद, गोळ्या शहाऐंशी. तीन औषधे आणि जणू एकच आकडा. कामाच्या दिवशी: थेंब बावीस, गोळ्या सत्तावीस, फवारा त्रेचाळीस. मी टाळी वाजवली. एकटी, चपला घातलेली, डोक्यावर पदर, अडुसष्ट वर्षांची बाई. थेंबांशी माझे वैर नाही. योग्य रुग्णाला, योग्य कारणासाठी, तीन-तीन वर्षे चिकाटीने दिले तर ते शरीराला अ‍ॅलर्जीच्या पदार्थाची हळूहळू सवय लावतात आणि गुण देतात, आणि एक्केचाळीस माणसांवरून मी त्यांना फाशी देणार नाही. पण सहा महिन्यांत त्यांनी मिळवलेला हा विजय त्यांचा नव्हता. तो चार दिवस न उडालेल्या तुसाचा होता.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग त्यातून थंड, स्वच्छ असे काहीतरी वर आले. फवाऱ्याची आणि गोळ्यांची माणसे औषध संपेल तशी, पाळी सुटल्यावर, तूस अंगावर घेऊन येत होती. थेंबवाल्यांनाच बोलावणे का गेले? आणि गेले ते नेमके सणात का? चुकीला इतका नीटनेटकेपणा परवडत नाही. वस्तीत फिरून रुग्णांना निरोप देण्याचे काम दवाखान्याची आरोग्यसेविका करते, नागव्वा. अक्कलकोटकडची, रागावली की कानडीत जाते आणि परतताना मराठी घेऊन येते. मी तिला फोन केला.

“तूच बोलावलंस ना थेंबवाल्यांना? रथाच्या सुट्टीत?”

“मीच की बाई. दारोदार फिरले. पावसात. छत्री मोडली माझी.”

“त्या दिवसांत लोकांना सवड असते, म्हणून तुला सुचलं का?”

“मला कशाला सुचतंय? त्या दिवशी मलाच सुट्टी पायजे होती, भावाला राखी बांधायची होती. साहेबच म्हणले, नागव्वा, थेंबवाले तेवढे सणात बोलव. मी म्हणलं, बाकीचे? तर म्हणले, बाकीचे येतील तसे येऊ देत.” आणि मग, “काय चुकलं का ओ बाई माझं?”

तिचे काही चुकले नव्हते. हे मी तिला तीनदा सांगितले. बहुधा एकदा तिच्यासाठी आणि दोनदा माझ्यासाठी.

तिचे साहेब म्हणजे डॉक्टर गुरुशांत, दवाखान्याचे प्रमुख आणि अहवालाचे लेखक. वीस वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात ते माझे विद्यार्थी होते. पहिल्या बाकावर बसायचे आणि इतरांना कंटाळा येईपर्यंत प्रश्न विचारायचे, कारण त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे असायचे. एकदा तासानंतर मागे थांबून ते म्हणाले होते, बाई, रोगी बरा झाला आणि औषध लागू पडलं, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला आज पहिल्यांदा कळलं. शिक्षकाला आयुष्यात अशी तीन-चार वाक्ये मिळतात, त्यांवर निवृत्तिवेतनाहून अधिक काळ निघतो. म्हणजे त्यांना माहीत होते. अज्ञानाची सवलत मी माझ्यासाठी मागू शकत होते, त्यांच्यासाठी नाही. गुरुवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले.

“या की बाई. चहा सांगू?”

“चहा नको. तारखा सांग.”

त्यांनी कोणत्या तारखा असे विचारले नाही. पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले. “लोकांची सोय बघितली बाई. पाळी बुडवून कोण येतंय?”

“सोय फक्त थेंबवाल्यांची?”

“ते तसं जमलं.”

“तीनशे एकाहत्तर माणसं तशी जमली?”

“तुम्हीच तपासलंय की सगळं. तुमचं नाव छापलंय शेवटी.” हे ते कुत्सितपणे म्हणाले असते तर मला सोपे गेले असते. ते दमलेल्या माणसासारखे म्हणाले.

“छापलंय. म्हणूनच आलेय.”

“असं करू. पुढच्या छपाईत ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या मथळ्याखाली एक ओळ घालू. फेरतपासणीच्या दिवसांत थोडी तफावत होती, म्हणून.”

“आणि इमामबीचा गॅस पुन्हा चालू राहिला, तर तो कुठल्या मथळ्याखाली घालायचा?”

त्यांना इमामबी कोण ते ठाऊक नव्हते. मी सांगितले. सांगताना माझा आवाज अगदी शांत होता. राग पराकोटीला गेला की तो चढत नाही, खाली बसतो, हे मला तेव्हा कळले. खिडकीबाहेर फवाऱ्याच्या बाटल्यांची रिकामी खोकी रचलेली होती. त्यांनी ती खोकी पाहिली, मला पाहिले आणि म्हणाले, “शनिवारी विश्वस्तांसमोर बोला बाई. मी अडवणार नाही.” मी जिना उतरले तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदाच संशय आला, की या माणसाला मी पकडले नाही; तो कुणी पकडील म्हणून थांबून होता. हा संशय मी लगेच बाजूला ठेवला. रागाला असले पाहुणे चालत नाहीत.

शनिवारी सकाळी अकरा वाजता सभा. पाच विश्वस्त, पाचही कारखानदार. भिंतीवर संस्थापकांची तसबीर, टेबलावर संस्थेच्याच चादरी, आणि मी शिंकत होते. ओळीने सात शिंका; अध्यक्षांनी सौजन्याने खिडकी उघडायला सांगितली. मी आधी माझी चूक सांगितली, सरळ, एका वाक्यात: मी वय जुळवले, व्यसन जुळवले, तारीख जुळवली नाही. मग ते सहा आकडे फळ्यावर लिहिले. खडू हातात आला आणि अंगात वारे शिरले. वीस वर्षांत असा तास घेतला नव्हता. बंदचे तीन आकडे एका ओळीत आले तेव्हा टेबलाच्या टोकाशी बसलेले धाकटे विश्वस्त पुढे झुकले. कापडाचा पोत ओळखणारी माणसे ती, त्यांना एकसारखे विणलेले कळते.

“म्हणजे बाई, औषध कुठलंच लागू नाही, असं म्हणता का?” अध्यक्षांनी विचारले.

“आहे की. कामाच्या दिवशी फवारा सगळ्यात लागू आहे. तुम्ही नेमका तोच बंद करताय.”

“पण ह्या वरच्या ओळीत तर सगळेच बरे दिसतेत.”

“त्या दिवशी तुमचे कारखाने बंद होते.”

कुणीतरी हसून म्हणाले, “मग काय, रोज रथ काढायचा?” हशा झाला, तो लवकर संपला, कारण अध्यक्ष हसले नव्हते. नागव्वाला आत बोलावले. तिने पदर खोचून, एकदाही डॉक्टरांकडे न पाहता, फोनवर सांगितलेले सगळे सांगितले, मोडलेल्या छत्रीसकट. फवारा बंद करण्याचा ठराव मागे घेण्यात आला. विरोधात एकही मत पडले नाही. खिडकीतून सरफराजला निरोप गेला. इथे सभा संपली असती आणि सगळ्यांनाच ते हवे होते. चिटणीसांनी इतिवृत्ताचा मसुदा वाचला: ‘अहवालात तांत्रिक स्वरूपाची त्रुटी आढळल्याने तो पुनर्विचारार्थ ठेवण्यात येत आहे.’ मी म्हणाले, मी यावर सही करणार नाही. तांत्रिक त्रुटी दारोदार जाऊन माणसांना बोलावून आणत नाही. पुढे बोलण्यासाठी माझ्याजवळ चार वाक्ये तयार होती, रात्रंदिवस घासलेली, एकेक सुरीसारखी, आणि मी पहिले उच्चारणार तोच गुरुशांत उभे राहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, अध्यक्षांकडेही नाही. फळ्यावरच्या वरच्या ओळीकडे पाहत होते. चिटणीसांना म्हणाले, खोडा ते, मी सांगतो तसं लिहा, एक शब्द इकडचा तिकडे करू नका. चिटणीसांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी होकारार्थी मान हलवली. माझी चार वाक्ये माझ्याजवळच राहिली. त्या इतिवृत्ताची प्रत आता माझ्यासमोर आहे, आणि विषय क्रमांक चारखाली चिटणीसांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले आहे ते असे:

“तारखा मीच निवडल्या. नागव्वाचा किंवा बाईंचा त्यात काही संबंध नाही. त्याच्या आदल्या वर्षी सणाच्या बंदमध्ये मी सहज म्हणून वस्तीत बावीस जणांना तपासलं होतं. एकाचंही नाक वाहत नव्हतं, आणि त्यातल्या निम्म्यांनी आठवडाभर औषधाला हातसुद्धा लावलेला नव्हता. मला तेव्हाच कळलं. ते लिहून दिलं असतं तर तुम्हाला प्रत्येक कारखान्यात तूस बाहेर ओढणारे पंखे बसवावे लागले असते. तुम्ही ते बसवाल असं मला वाटलं नाही. दवाखाना बंद कराल असं वाटलं. थेंब तुम्हाला आवडले होते, कारण थेंबांनी माणूस बदलतो, कारखाना आहे तसाच राहतो. म्हणून ते चार दिवस मी थेंबांच्या नावावर लिहिले.”